गुणगौरव, व्यापारी मेळावा आणि नगरपरिषदेचे नेमके काम

नगरपरिषदेच्या सभेच्या विषयपत्रिकेवर विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि स्थानिक व्यावसायिकांसाठीचा एखादा उपक्रम हे दोन विषय बहुधा शेजारी शेजारी, आणि बहुधा शेवटीशेवटी येतात. पाणी, रस्ते, कचरा आणि कर यांवर सभेचा बहुतेक वेळ खर्च झालेला असतो. सदस्य थकलेले असतात आणि मुलांच्या कौतुकाला किंवा दुकानदारांच्या भल्याला विरोध करणारा माणूस सभागृहात सापडणे अवघड असते. त्यामुळे दोन्ही ठराव चर्चेविना सर्वानुमते मंजूर होतात आणि ‘पुढील कार्यवाहीचे अधिकार अध्यक्षांना देण्यात येत आहेत’ असे एक वाक्य इतिवृत्तात लिहिले जाते. विरोध नसणे ही या विषयांची सोय आहे आणि तीच त्यांची अडचणही आहे. ज्या विषयावर कोणी वाद घालत नाही, त्याचे निकष कोणी तपासत नाही, आणि निकष न तपासल्यामुळे तारीख, सभागृह, प्रमुख पाहुणे व सन्मानचिन्हांची संख्या एवढ्याच गोष्टी ठरवल्या जातात.

दोन्ही बाबतींत परिषदेने तारखेच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे, असे मला वाटते. या कामातला कोणता भाग असा आहे की जो गावात दुसरे कोणीच करू शकत नाही? शाळा मुलांचे कौतुक करतातच. व्यापारी संघटना, जिथे त्या जिवंत असतात तिथे, मेळावे भरवतातच. मग सार्वजनिक पैसा, सार्वजनिक जागा आणि परिषदेचे शिक्कामोर्तब यांची भर नेमकी कशासाठी घालायची? या प्रश्नाचे उत्तर सापडले तर पुढचे नियोजन बरेच सोपे होते. सापडले नाही तर शाळेच्या स्नेहसंमेलनाची आणि एखाद्या प्रदर्शनाची फिकी नक्कल हाती येते.

आधी विद्यार्थ्यांच्या पुरस्कारांकडे पाहू. सर्वांत सोपा आणि सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे शाळांकडून पहिल्या तीन क्रमांकांची यादी मागवणे. त्यात परिषदेचे काम टपालापुरते उरते. गुण मंडळाने किंवा शाळेने दिलेले असतात, क्रमांक शाळेने लावलेला असतो, त्या मुलाचे अभिनंदन शाळेत, घरी, नातेवाइकांत आणि शिकवणीच्या वर्गाच्या फलकावरही झालेले असते. परिषद त्याच मुलाला पुन्हा एकदा व्यासपीठावर बोलावते आणि ज्यांचे आजवर कोणीच कौतुक केले नाही ती मुले याही वेळी प्रेक्षकांतच बसतात, किंवा येतच नाहीत. गुणवंतांचा मान काढून घ्यावा असे माझे म्हणणे नाही. तो मान ज्यांनी द्यायचा त्यांनी तो दिलेला आहे, एवढेच लक्षात घ्यावे.

परिषदेला जे दिसते ते शाळेला दिसत नाही. सार्वजनिक वाचनालयात सुटीच्या दिवशी लहान मुलांना वाचून दाखवणारी विद्यार्थिनी, नगरपरिषदेच्या मैदानावर धाकट्यांचा संघ बांधणारा मुलगा, वस्तीतल्या ज्येष्ठांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारी मुले, पूर किंवा आग यांसारख्या प्रसंगी मदतीला धावलेले गट, एखाद्या ओढ्याच्या पाण्याचे नियमित निरीक्षण करून नोंदवही ठेवणारा वर्ग, घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करून शिक्षण चालू ठेवणारा विद्यार्थी: ही सगळी माहिती गावात विखुरलेली असते. ग्रंथपाल, मैदानाचा रखवालदार, आरोग्य सेविका, अग्निशमन दलाचा जवान आणि सफाई विभागाचा मुकादम यांच्याकडे ती असते आणि हे सगळे परिषदेच्याच कामाशी जोडलेले लोक आहेत. त्यांच्याकडून नावे मागवणे शाळेला शक्य नाही, परिषदेला सहज शक्य आहे. म्हणून शिफारशीचा अर्ज शाळांइतकाच या मंडळींकडे आणि सामान्य नागरिकांकडे जायला हवा. अर्जही एका पानाचा असावा, कारण लांबलचक अर्ज भरण्याची सवय ज्या शाळांना आहे त्यांचीच मुले मग निवडली जातात. अर्जात मुख्य प्रश्न एकच पुरतो: या विद्यार्थ्याने काय केले आणि ते तुम्ही स्वतः कसे पाहिले?

पुरस्कार दिल्याने मुलांना प्रोत्साहन मिळते, हे गृहीतक आपण सहसा तपासत नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषय संपल्यावर, मुले मोकळ्या वेळेत आपणहून किती चित्रे काढतात हे पाहिले. ज्यांना आधी आमिष दाखवले होते ती मुले इतर दोन्ही गटांच्या तुलनेत जवळजवळ निम्माच वेळ चित्रांसाठी देत होती. जी गोष्ट मूल आवडीने करत होते ती बक्षिसासाठी करायची गोष्ट बनली आणि बक्षीस संपताच तिची गोडीही उणावली.

यावरून पुरस्कारच नकोत असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये, कारण अनपेक्षित प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती. परिषदेच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य गोष्ट निघते. ‘जो सर्वाधिक तास सेवा करील त्याला पुरस्कार’ अशी स्पर्धा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करण्यापेक्षा जे काम कोणी पाहत नसतानाही झाले ते शोधून वर्षाच्या शेवटी त्याची दखल घेणे बरे. स्पर्धा जाहीर केली की तास मोजणारी, छायाचित्रे काढून ठेवणारी आणि प्रमाणपत्रे गोळा करणारी सेवा सुरू होते, आणि निवड समितीपुढे येतात ते त्या छायाचित्रांचे जाड जाड अल्बम.

पण इथेच एक पेच आहे, आणि तो सोडवल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शाळेतील उपस्थितीच्या पुरस्कारांवर कार्ली रॉबिन्सन, जाना गॅलस, मोनिका ली आणि टॉड रॉजर्स यांनी कॅलिफोर्नियातील सहावी ते बारावीच्या पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पुढच्या महिन्यात पूर्ण उपस्थिती ठेवल्यास पुरस्कार मिळेल’ असे आधी सांगितलेल्या मुलांच्या उपस्थितीवर सरासरी काही परिणाम दिसला नाही. ज्यांना मागील उपस्थितीबद्दल अनपेक्षितपणे पुरस्कार दिला, त्यांची उपस्थिती मात्र पुढच्या महिन्यात घटली. म्हणजे बालशाळेत जे निरुपद्रवी ठरले तेच इथे उलटले. संशोधकांनी दिलेला खुलासा विचार करण्यासारखा आहे: पुरस्कार मिळाल्यामुळे त्या मुलांना कळले की आपण इतरांपेक्षा जास्त वेळा शाळेत येतो, शाळेच्या अपेक्षेपेक्षाही जास्त वेळा येतो, आणि तेवढे येण्याची गरज नाही. कौतुकाने त्यांना परवानगी दिली, असे म्हणता येईल.

दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर मला जो फरक दिसतो तो कामाच्या स्वरूपाचा आहे. जे करणे सर्वांचेच कर्तव्य आहे त्याला पुरस्कार दिला की ते कर्तव्य उरत नाही, विशेष पराक्रम ठरते. शाळेत येणे, गणवेश नीट ठेवणे, रांगेत उभे राहणे यांसाठी नगरपरिषदेने चिन्हे वाटू नयेत. उपस्थितीच्या पुरस्कारात शिवाय आजारी पडणारे, दूर राहणारे आणि घरच्या कामासाठी थांबवले जाणारे मूल आपोआप बाद होते, आणि त्या बाद होण्यात त्याचा काहीही दोष नसतो. रोख रकमेबद्दलही अशीच सावधगिरी हवी. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतील अनेक शहरांत शाळकरी मुलांना पैसे देऊन पाहिलेले प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत न्यू यॉर्क येथे चाचणीतील कामगिरीला आणि शिकागो येथे वर्गात मिळणाऱ्या श्रेणींना रक्कम जोडली तरी मुलांच्या चाचणीतील यशात म्हणावी अशी वाढ झाली नाही. चांगले गुण हवेत असे कोणाला वाटत नाही? पण ते कसे मिळवायचे हे ज्याला कळत नाही त्याला रक्कम दाखवून काय उपयोग?

मानपत्राची भाषा हा लहान वाटणारा, पण मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहणारा भाग आहे. ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून’, ‘वडिलांचे छत्र हरपलेले असताना’ अशी वाक्ये व्यासपीठावरून ध्वनिक्षेपकावर वाचली जातात तेव्हा त्या मुलाच्या वर्गमित्रांनी भरलेल्या सभागृहात त्याचे दारिद्र्य किंवा दुःख जाहीर होते, आणि त्याची संमती कोणीही घेतलेली नसते. मानपत्रात काय केले ते लिहावे, कोणत्या परिस्थितीत केले ते मुलाने आणि पालकांनी सांगितले तरच लिहावे. मजकूर आधी त्यांना वाचायला द्यावा. छायाचित्र कुठे छापले जाईल, समाजमाध्यमांवर जाईल का, शाळेचे नाव व वय लिहिले जाईल का, यासाठी पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि ती नाकारणाऱ्याचा पुरस्कार त्यामुळे रद्द होऊ नये. ‘हुशार’, ‘तल्लख’ ही विशेषणे कमीत कमी वापरावीत. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत बुद्धीची स्तुती झालेली मुले पुढच्या कठीण प्रश्नात अडखळल्यावर लवकर हार मानताना दिसली, तर प्रयत्नांची स्तुती झालेली मुले अधिक चिकाटीने टिकली. ज्याने नोंदवही ठेवली त्याला ‘सलग पावसाळाभर नोंदवही ठेवली’ एवढेच लिहिलेले पुरे आहे.

निवड समितीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण या सगळ्या उपक्रमाची विश्वासार्हता तिथेच ठरते. लहान गावात प्रत्येकजण प्रत्येकाचा कोणीतरी असतो. त्यामुळे नात्यातले मूल यादीत असेल तर त्या सदस्याने तसे लेखी सांगून त्या नावाच्या चर्चेतून बाहेर बसावे, हा नियम ठरावातच लिहिलेला असावा; ऐन वेळी एखाद्याला तसे सुचवणे अवघड होते आणि सुचवणारा वैर ओढवून घेतो. अर्ज वाचताना मुलाचे नाव, आडनाव आणि शाळा झाकून फक्त कामाचे वर्णन वाचावे, म्हणजे पहिली छाननी तरी ओळखीपासून मुक्त राहते. समितीत लोकप्रतिनिधी अल्पसंख्य असावेत, आणि विद्यार्थी असावेतच.

विद्यार्थी समितीत बसवणे ही कल्पना ऐकायला नवी वाटते, पण तिला बराच इतिहास आहे. फ्रान्समधील शिल्टिगाईम या गावाने १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, मुलांची नगरपरिषद स्थापन केली आणि पुढे त्या देशात शेकडो गावांनी तिचे अनुकरण केले. अमेरिकेतील बॉस्टन शहराने २०१४ पासून भांडवली अंदाजपत्रकातील दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे हे ठरवण्याचा अधिकार बारा ते पंचवीस वर्षे वयाच्या रहिवाशांना दिला. एवढी रक्कम मुलांच्या हाती सोपवता येत असेल, तर दहा-वीस पुरस्कारांच्या निवडीत दोन-तीन विद्यार्थ्यांचे मत घेणे फार धाडसाचे नाही. शिवाय कोणत्या मुलाने खरोखर काम केले आणि कोण फक्त छायाचित्रात उभा होता, हे मुलांना मोठ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते.

आता व्यावसायिकांच्या उपक्रमाकडे वळू. इथेही पहिली प्रवृत्ती मैदान भाड्याने घेऊन, मंडप घालून, गाळे आखून प्रदर्शन भरवण्याची असते. मैदानात गर्दी होते आणि ती छायाचित्रात दिसते, हे त्याचे मोठे आकर्षण. पण गावातील बहुतांश व्यवसाय एक-दोन माणसांचे असतात. दुकान बंद ठेवून मैदानात गाळा लावायचा, की गाळा सोडून दुकान चालवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो, आणि बहुतेकजण दुसरा पर्याय निवडतात. रिकामे राहिलेले गाळे मग बाहेरगावाहून फिरत येणारे विक्रेते घेतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, तोही कष्टाचाच धंदा आहे. परंतु वर्षभर त्याच रस्त्यावर भाडे आणि कर भरणाऱ्या दुकानदाराच्या समोर, परिषदेच्याच खर्चाने, त्याच मालाचा स्वस्त बाजार दोन दिवस उभा राहिला तर त्या उपक्रमाला ‘स्थानिक व्यवसायाला प्रोत्साहन’ हे नाव कोणत्या तोंडाने द्यायचे?

गवंडी, वायरमन, नळकाम करणारे, शिवणकाम करणारे, हिशेब लिहून देणारे, गाड्या दुरुस्त करणारे यांच्याकडे गाळ्यावर मांडायला काहीच नसते, म्हणून प्रदर्शनात ते अदृश्य राहतात. घरातून व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा तर दुकानांच्या यादीत उल्लेखही नसतो. म्हणून उपक्रम ठरवण्याआधी परिषदेने स्वतःच्या दप्तरातल्या परवान्यांच्या आणि मालमत्ता कराच्या नोंदींवरून, आणि त्यात नसलेल्यांसाठी प्रत्यक्ष गल्लोगल्ली फिरून, व्यवसायांची यादी करावी. ही यादी परिषदेशिवाय दुसरे कोणीही पूर्ण करू शकत नाही. ती झाल्यावर व्यावसायिकांना विचारावे की त्यांना गर्दी हवी आहे का. अनेकांचे उत्तर वेगळेच येते. कोणाला दुकानासमोर माल उतरवायला सकाळी अर्धा तास जागा हवी असते, कोणाला रस्त्यावरचा दिवा, कोणाला फलकाच्या परवानगीचा रखडलेला अर्ज निकाली काढून हवा असतो.

दुकानदारांनी आपल्या रस्त्याची जबाबदारी स्वतः घेतल्याचे एक जुने उदाहरण कॅनडातील टोरांटो शहरातल्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागाचे आहे. भुयारी रेल्वे सुरू झाल्यावर ट्रामने येणारे प्रवासी जमिनीखालून जाऊ लागले, दुसरीकडे नवी व्यापारी संकुले ग्राहक ओढू लागली. तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी आपल्या भागापुरती अतिरिक्त पट्टी सर्वांकडून वसूल करून तो पैसा रस्त्याच्या सुधारणेवर आणि प्रसिद्धीवर खर्च करण्याची व्यवस्था मागितली आणि १९७० मध्ये ती कायदेशीर झाली. व्यवसाय सुधारणा क्षेत्र या नावाने ती पुढे अनेक देशांत पसरली. यातील परिषदेचा वाटा पाहण्यासारखा आहे: पट्टी वसूल करण्याचा अधिकार फक्त तिच्याकडे होता, तो तिने वापरला, आणि पैसा कसा खर्च करायचा हे व्यापाऱ्यांच्या मंडळावर सोडले.

एक दिवसाच्या उपक्रमांना अर्थ नसतो असे नाही. छोट्या दुकानांतून खरेदी करण्याचा खास शनिवार २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३ पासून ब्रिटनमध्येही पाळला जाऊ लागला. त्याची सुरुवात अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने केली, हे विसरू नये. कंपनीचा त्यात स्वतःचा हेतू होता आणि तो गैर नव्हता. या दिवसाची रचना मात्र शिकण्यासारखी आहे. दुकानदाराला कुठेही जावे लागत नाही, ग्राहक त्याच्या दारात येतो. मैदानातील मंडपाच्या खर्चात गावातील सर्व दुकानांची आणि सेवांची पुस्तिका छापता येते, ती घेऊन फिरणाऱ्याला ठिकठिकाणी शिक्का मारता येतो, कारागिरांच्या कामाच्या जागा त्या दिवशी पाहण्यासाठी खुल्या ठेवता येतात. अशा दिवशी रस्ता वाहनांसाठी बंद करावा का, हा निर्णय परिषदेचाच, आणि तो दुकानदारांशी बोलून घ्यावा. औषधाचे दुकान, दवाखाना आणि अवजड सामान विकणारे यांना बंद रस्ता जाचक होतो, चहापाण्याच्या ठिकाणांना तो लाभतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी जाण्याची वाट मोकळी ठेवणे, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी उतार, पुरेशी स्वच्छतागृहे, रात्रीची सफाई ही कामे कोणाच्याही भाषणात येत नाहीत, पण परिषदेचे खरे काम त्यांतच आहे.

उपक्रमानंतर ‘एवढ्या कोटींची उलाढाल’ असे आकडे जाहीर करण्याचा मोह सर्वत्र असतो. जॉन क्रॉम्प्टन यांनी कार्यक्रमांच्या आर्थिक परिणामांची मोजणी कशी चुकते याची चिकित्सा १९९५ मध्ये केली, ती आजही लागू पडते. गावातल्याच माणसाने मेळाव्यात खर्च केलेला पैसा नवा नसतो, तो एरवी दुसऱ्या दुकानात गेला असता. जो पाहुणा पुढच्या महिन्यात येणारच होता आणि मेळाव्यामुळे आधी आला, त्याचाही खर्च नवा नाही. जो दुसऱ्याच कामासाठी आला होता आणि वाटेत मेळाव्यात डोकावला, त्यालाही मोजता येत नाही. हे तीन गट वगळले की उरणारा आकडा पुष्कळ लहान असतो. म्हणून उलाढाल मोजण्याच्या फंदात न पडता सहभागी व्यावसायिकांना महिनाभराने दोन प्रश्न विचारावेत: त्या दिवशी पहिल्यांदा आलेले ग्राहक पुन्हा आले का, आणि पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःचा वेळ आणि थोडे पैसे घालून यात याल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट बोलते.

परिषदेने व्यावसायिकांसाठी करण्याजोगी सर्वांत परिणामकारक गोष्ट मात्र कार्यक्रमाच्या स्वरूपात दिसतच नाही. परिषद स्वतः गावातली मोठी ग्राहक असते. छपाई, दुरुस्ती, रंगकाम, फर्निचर, गणवेश, देखभाल, वाहने यांवर तिचा नियमित खर्च होतो. इंग्लंडमधील प्रेस्टन शहरात परिषद, महाविद्यालये, पोलिस अशा मोठ्या संस्थांनी आपापली खरेदी तपासली तेव्हा २०१२-१३ मध्ये त्यांच्या खर्चातला जेमतेम ५ टक्के भाग शहरातल्या पुरवठादारांकडे जात होता. मोठी कंत्राटे लहान भागांत विभागणे, निविदांची माहिती स्थानिकांपर्यंत पोहोचवणे असे उपाय केल्यावर २०१६-१७ पर्यंत तो १८ टक्क्यांच्या आसपास गेला. नियम मोडून ओळखीच्यांना कामे देणे आणि नियमांत राहून लहान व्यावसायिकाला निविदा भरता येईल असे करणे, या दोहोंत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर सांभाळूनच हे करायला हवे. ‘परिषदेला काय काय विकत घ्यावे लागते आणि त्यासाठी अर्ज कसा करायचा’ एवढ्या विषयावर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतली, तिथे लेखा विभागाचा अधिकारी कागदपत्रे समजावून सांगायला बसला, आणि बिले ठरलेल्या मुदतीत चुकती होतील असे लेखी आश्वासन दिले, तर कोणत्याही मेळाव्यापेक्षा ती गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. बिल वर्षभर अडकते या भीतीनेच अनेकजण सरकारी कामाच्या वाटेला जात नाहीत.

हे दोन विषय एकमेकांना जोडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे व्यापाऱ्यांनी पुरस्कारांना प्रायोजकत्व द्यायचे आणि व्यासपीठामागच्या फलकावर त्यांची नावे झळकायची. त्यात पैसा येतो, पण प्रायोजकाच्या मुलाचे किंवा पुतण्याचे नाव यादीत आले की सारी निवड संशयास्पद होते, आणि अल्पवयीन मुलांच्या छायाचित्रावर दुकानाची जाहिरात जाते. प्रायोजकत्व घ्यायचेच असेल तर ते एका सामायिक निधीत घ्यावे, कोणत्याही एका पुरस्काराला कोणाचेही नाव जोडू नये. त्यापेक्षा फलदायी जोडणी कामाची आहे. पुरस्कार मिळालेल्या मोठ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीच्या व्यवसायात दोन-तीन दिवस जवळून पाहण्याची संधी, शाळेच्या आणि पालकांच्या संमतीने, आणि त्यांच्याकडून फुकट काम करून न घेता, देता येते. उलट बाजूने विद्यार्थ्यांचा एखादा गट दुकानांच्या पायऱ्या, उतार आणि दरवाजांची रुंदी मोजून कोणत्या दुकानात चाकाची खुर्ची जाऊ शकते याचा नकाशा तयार करू शकतो. तो नकाशा व्यापाऱ्यांनाही हवा असतो आणि परिषदेच्या रस्ते विभागालाही. बक्षीस म्हणून घाऊक बाजारातून आणलेल्या सारख्याच सन्मानचिन्हांऐवजी गावातील पुस्तकांच्या, खेळाच्या साहित्याच्या किंवा वाद्यांच्या दुकानांत चालणारी खरेदीपत्रे दिली तर मूल स्वतः निवड करते आणि पैसाही गावातच राहतो. मात्र ती कोणकोणत्या दुकानांत चालतील याची यादी खुली ठेवावी लागेल, दोन-चार निवडक दुकानांची नव्हे.

मग दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी घ्यावेत का, हा प्रश्न सभेत हमखास निघतो, कारण मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुणे एकदाच बोलवावे लागतात आणि मुलांचे पालक आयतेच ग्राहक म्हणून मिळतात. मी याच्या विरुद्ध मत देईन. वर्षाच्या शेवटच्या परीक्षा झाल्यानंतर आणि शेवटच्या वर्गातील मुले शिक्षणासाठी गाव सोडण्यापूर्वी, अशी पुरस्कारांची वेळ विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावरून ठरते. व्यवसायांच्या दिवसाची वेळ मंदीच्या आठवड्यांवरून ठरायला हवी, कारण तेजीच्या दिवसांत दुकानदाराला ग्राहक मिळवून देण्याची गरजच नसते. या दोन तारखा क्वचितच जुळतात. ओढूनताणून जुळवल्या तर पुरस्कार विक्रीच्या गोंगाटात दिले जातात, आणि निवडणूक जवळ असेल तर तो एकत्रित सोहळा सत्ताधाऱ्यांचा प्रचार वाटू लागतो, मग हेतू कितीही शुद्ध असो. पुरस्कारांसाठी वाचनालयाचे सभागृह पुरते. भाषणे दोनच ठेवून उरलेला वेळ प्रत्येक विद्यार्थ्याने काय केले ते शिफारस करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकण्यासाठी द्यावा. ग्रंथपालाला किंवा मैदानाच्या रखवालदाराला त्या व्यासपीठावर बोलायला मिळणार असेल तर प्रमुख पाहुणे शोधण्याचा खटाटोपही टळतो.

खर्चाचा हिशेब, आलेल्या शिफारशींची संख्या, निवड न झालेल्यांना पाठवलेली पत्रे आणि व्यावसायिकांच्या दोन प्रश्नांची उत्तरे हे सगळे दोन महिन्यांच्या आत सभेपुढे यावे, आणि त्याची धारिका पुढच्या समितीसाठी कार्यालयात राहावी, असे मूळ ठरावातच नमूद केले पाहिजे. निवड न झालेल्यांच्या पत्रांवर मी विशेष भर देईन. शिफारस करणाऱ्या माणसाने वेळ काढून एका मुलाचे काम लिहून पाठवलेले असते, आणि त्या मुलाला बहुधा आपली शिफारस झाली हेही ठाऊक नसते. तेव्हा कोणी काय पाहिले आणि काय लिहिले, ते लिहिणाऱ्याच्या परवानगीने त्या मुलाला कळवावे. यासाठी वेगळी तरतूद लागत नाही, टपालाचा खर्च तेवढा येतो.